आईचं नाकातून, मामांचं कवटी उघडून: ब्रेन ट्यूमरच्या दोन ऑपरेशनांचा पुण्यातला अनुभव

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात ब्रेन ट्यूमरची दोन ऑपरेशनं झाली. आधी आईचं, नाकातून दुर्बिणीने, आणि त्यानंतर चौदा महिन्यांनी मामांचं, कवटी उघडून. दोन्ही पुण्यातच पण वेगवेगळ्या हॉस्पिटलांत. दोन्ही वेळेला रात्री थांबायला मीच होते, त्यामुळे जे लिहितेय ते सगळं जवळून बघितलेलं आहे. हॉस्पिटलांची नावं देत नाहीये कारण एका ठिकाणची चूक पण सांगायची आहे आणि मला कुणाचं नाव खराब करायचं नाही, आणि तसंही तुमचं हॉस्पिटल तुमची गाठ कुठे आहे त्यावरून ठरेल, मी किती स्टार दिले त्यावरून नाही.

सुरुवात आईपासून. आम्ही कोथरूडला राहतो. आईने वर्षभरात दोनदा चष्मा बदलला तरी तक्रार तीच, नीट दिसत नाही. चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ओट्याच्या कडेला ठेवलेलं पातेलं कोपर लागून पडायचं, आणि आम्ही म्हणायचो लक्ष कुठे असतं गं तुझं (हे आठवलं की अजून वाईट वाटतं). मग एकदा कर्वे रोड क्रॉस करताना बाजूने आलेली रिक्षा तिला दिसलीच नाही, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हा दुसऱ्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फील्ड टेस्ट केली, म्हणजे मशीनमध्ये हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. कागद आला तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, हा चष्म्याचा प्रश्न नाहीये. एमआरआय करून घ्या, उद्यावर टाकू नका."

एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीची २.६ सेंटिमीटरची गाठ. ही ग्रंथी नाकाच्या पार मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते आणि तिच्या बरोबर वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. गाठ वर वाढली की आधी तिथे दाब येतो आणि बाजूचं दिसणं जातं, समोरचं शाबूत असतं म्हणून माणसाला कळतच नाही. एक सेंटिमीटरच्या वर गेली की तिला मोठी गाठ म्हणतात, त्यामुळे आईची मोठ्यातच.

इथे पहिल्या सर्जनना मी मनापासून पाच स्टार देते. आम्ही थेट ऑपरेशनची तारीख मागायला गेलो होतो आणि त्यांनी आधी रक्तातल्या हार्मोनच्या टेस्ट लिहून दिल्या, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, थायरॉइड वगैरे. कारण प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच ती आकसते, ऑपरेशन लागतच नाही. आईचं प्रोलॅक्टिन वाढलेलं होतं पण थोडंच, आणि मोठ्या गाठीचा ग्रंथीच्या देठावर दाब आला तरी तेवढं वाढतं, म्हणून ती गोळ्यांवाली गाठ नव्हे असं ठरलं आणि मग ऑपरेशन. तुमच्या घरात पिट्युटरीची गाठ निघाली आणि कुणी या टेस्ट न बघताच तारीख देत असेल तर कृपया दुसरीकडे दाखवा.

"नाकातून" म्हटल्यावर घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. जणू दाढ काढायचीय असं बोलायला लागले नातेवाईक, आणि मलाही आतून तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात चार तास लागले. आत दोन सर्जन होते, एक कान-नाक-घशाचे आणि एक न्यूरोसर्जन. नाकाचे डॉक्टर नाकपुडीतून जेमतेम ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून मागच्या हाडाच्या पोकळीपर्यंत वाट करून देतात, मग तिथला पातळ हाडाचा पापुद्रा काढून न्यूरोसर्जन गाठ कुरतडत बाहेर घेतात. आधी हेच ऑपरेशन मायक्रोस्कोपने व्हायचं, त्यात सरळ रेषेत दिसतं तेवढंच दिसतं, दुर्बिणीचं टोक तिरपं असलं की कोपऱ्यात दडलेलं पण दिसतं, फायदा तो आहे. आणि एक सांगते, जाहिरातीत "लेटेस्ट" म्हणून मिरवतात ना, पण नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ काढायचं पहिलं ऑपरेशन १९०७ मध्ये ऑस्ट्रियात श्लॉफर नावाच्या सर्जनने केलं होतं. वाट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, दुर्बीण मात्र १९९० नंतर रुळली.

बाहेर आणल्यावर आईच्या मांडीला टाके. आम्ही घाबरलो, काही चुकलं का म्हणून. तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू नये म्हणून मांडीतली चरबी काढून त्या भोकाला बूच म्हणून लावतात. हे आधी सांगितलं असतं तर तो अर्धा तास वाचला असता. नाकात दोन दिवस बोळे होते आणि आईच्या मते सगळ्यात वाईट तेच, सतत तोंडाने श्वास, घसा कोरडाठाक, झोप नाही. दुसऱ्या दिवशी लघवी एकदम वाढली, तासाला ३०० मिलीच्या आसपास, आणि तहान तर भागेचना. पिट्युटरीला धक्का बसला की पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं, त्याच्यासारखं काम करणारं डेस्मोप्रेसिन दिलं आणि दोन दिवसांत आटोक्यात आलं. आयसीयूतल्या सिस्टर तासातासाला माप लिहीत होत्या, रात्री ३ वाजता पण, त्यांना दहापैकी दहा.

आणि त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातून, म्हणजे तिच्या कडेने, आत आले तर आई मान न वळवता म्हणाली, "आलीस का, डबा कुठेय?" मला क्षणभर कळलंच नाही. तिला मी बाजूने दिसले होते. दाब निघाला की काही जणांना इतक्या लवकर फरक पडतो असं डॉक्टर म्हणाले, पण मी तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. नियम बरेच होते: नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, संडासला जोर करायचा नाही म्हणून रोज इसबगोल. नाकातून एका बाजूने स्वच्छ पाण्यासारखं, खारट काही ठिबकलं तर तडक यायचं. आमच्या घरात महिनाभर मिरचीची फोडणी बंद होती, ठसका लागून शिंक यायला नको म्हणून. देवघरापुढे वाकून नमस्कारही नाही.

आता तक्रार. डिस्चार्ज कार्डावर हे सगळं होतं पण एक ओळ नव्हती, ती म्हणजे सोडियम. आठव्या दिवशी आई मलूल झाली, डोकं दुखतंय, मळमळतंय, संध्याकाळपर्यंत बोलताना शब्द अडखळायला लागले. आम्हाला वाटलं अशक्तपणा, म्हणून मी तिला नारळपाणी, लिंबूसरबत, साधं पाणी, जे म्हणाल ते पाजत होते. रात्री दादाने गाडीत घालून कॅज्युअल्टीला नेलं तर सोडियम १२१. ते १३५ ते १४५ असायला लागतं. या ऑपरेशननंतर साधारण आठवडाभराने काही पेशंटना असं होतं, आधी कमी पडलेलं तेच हार्मोन आता जास्त सुटतं, शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं, अशा वेळी भरपूर पाणी पाजणं म्हणजे आगीत तेल. मी नेमकं तेच करत होते. पुढचे तीन दिवस पुन्हा आयसीयू, पाणी मोजून, जास्त मिठाचं सलाइन अगदी हळूहळू, कारण सोडियम घाईने वर नेलं तरी मेंदूला इजा होते. सातव्या दिवसाच्या आसपास एक सोडियमची टेस्ट करून या, एवढं एक वाक्य कार्डावर असतं तर हे सगळं आधीच कळलं असतं. आम्ही लेखी कळवलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, पुढे कार्ड बदललं की नाही ते बघायला गेलो नाही. ऑपरेशनला पाच स्टार, डिस्चार्जला एक.

वास मात्र अडीच महिने नव्हता. आमटीला उकळी आली तरी कळायचं नाही, दूध उतू गेलेलं कळायचं नाही. मग एक दिवस अचानक म्हणाली, कुठेतरी मोगरा आहे का गं.

तीन महिन्यांनी एमआरआय केला त्यात गाठीचा छोटा तुकडा एका बाजूला राहिलेला दिसला. तिथून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते, त्यामुळे मुद्दाम सोडलाय, वर्षाला एमआरआय करून लक्ष ठेवायचं, वाढला तर रेडिएशनचा विचार. शिवाय सकाळी हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे कमी पडणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जागी घ्यायची गोळी, ताप आला तर डोस दुप्पट, हे हार्मोनच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. म्हणजे नाकातून केलं म्हणून काम छोटं झालं असं काही नव्हतं.

हे सगळं झाल्यावर मामा. धायरीला हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं, वय ५६, डायबेटीस जुना. दुकानात बसलेले असताना उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला, दोनेक मिनिटं, मग थांबला पण नंतर अर्धा तास हातात जोर नाही. मामींना वाटलं लकवा. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला वर, कवटीच्या लगेच आत, ५ सेंटिमीटरचा मेनिन्जिओमा. म्हणजे मेंदूतली नव्हे, मेंदूवरच्या आवरणातून वाढलेली गाठ, आत दाबत दाबत मोठी होते, बहुतेक वेळा साधी असते. हाताचे झटके म्हणजे फिट होती, तिची गोळी लगेच चालू झाली.

आता घरातल्या ग्रुपवर सुरू झालं, ताईचं नाकातून झालं मग याचं का नाही, डोकं कशाला फोडायचं, मुंबईला दाखवा, अमक्याला विचारा. त्यात एका ठिकाणी चौकशीला गेलो तर काउंटरवरच्या कोऑर्डिनेटरने सर्जनची भेट व्हायच्या आधीच "कीहोल पॅकेज" सांगितलं, लहान छेद, तीन दिवसांत घरी. रिपोर्ट उघडून बघितलासुद्धा नव्हता. मामांचा चेहरा उजळला होता, तो बघून मला फार राग आला, घाबरलेल्या माणसाला काय विकताय तुम्ही.

शेवटी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननी कॉम्प्युटरवर एमआरआय लावून पाऊण तास दिला. म्हणाले, नारळाच्या करवंटीला वरच्या अंगाने आतून काही चिकटलंय तर ते खालच्या डोळ्यातून काढायला जाल का? सगळं खोबरं उकरत जावं लागेल. इथे वरून करवंटीचा तुकडा काढला की गाठ समोरच आहे, मेंदूला हात लावायची गरज सगळ्यात कमी. आणि गाठ जिथून उगवली ते आवरणसुद्धा भोवतीने कापून काढायचंय, नाहीतर परत येते, म्हणून उघडायची खिडकी गाठीपेक्षा मोठी हवी. (गाठीबरोबर तिचं मूळ किती निघालं त्यावर ती परत यायची शक्यता ठरते, हे सिम्पसन नावाच्या सर्जनने १९५७ मध्येच मांडलंय आणि त्याच्या पायऱ्या अजून वापरतात.) त्यांनी हेही सांगितलं की भुवईतून छोट्या छेदाने ते स्वतः ऑपरेशनं करतात, पण ती डोळ्यांच्या वरच्या, पुढच्या तळाच्या गाठींसाठी, तुमची तिथे नाही. या बोलण्यानंतर मामांनी कुणालाच काही विचारलं नाही.

सहा तास लागले. रक्ताच्या दोन बाटल्या आधी तयार ठेवायला सांगितल्या होत्या, एकच लागली. केस सगळे काढले नाहीत, छेदाच्या रेषेपुरती पट्टी भादरली. डोकं हलू नये म्हणून तीन खिळ्यांचा चिमटा लावतात त्याच्या तीन खपल्या दिसत होत्या, एक बरोबर कपाळावर, मामी सारखं विचारायच्या हे काय, हे काय. हाडाचा तुकडा परत जागेवर बसवून टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी स्क्रू केलाय, त्या पट्ट्यांनी पुढे एमआरआयला अडचण येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डावा डोळा सुजून पूर्ण मिटला, बघून कुणीही घाबरेल, पण सूज खाली उतरते तशी ती, आणि हे आम्हाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे कुणी घाबरलं नाही. उजवा हात दोन आठवडे कमजोर होता, पेला धरताना थरथरायचा, फिजिओथेरपिस्ट रोज यायचे. खरा त्रास साखरेने दिला, मेंदूची सूज उतरायला डेक्सामेथासोन देतात त्याने ती ३०० च्या वर गेली, आठवडाभर इन्सुलिन. डायबेटीसचा पेशंट असेल तर तुमच्या नेहमीच्या फिजिशियनला आधीच कळवून ठेवा.

सहाव्या दिवशी घरी. दहाव्या दिवशी स्टेपल काढले. बायोप्सी ग्रेड १, म्हणजे साधी गाठ, आवरणासकट सगळं निघालं. घरी आल्यावर एकदाही कॅज्युअल्टी नाही. म्हणजे आमच्या घरात ज्या ऑपरेशनची सगळ्यांनी भीती घेतली होती ते सरळ पार पडलं आणि ज्याला सगळे किरकोळ म्हणत होते त्याने आठव्या दिवशी आईला परत आयसीयूत नेलं. उलटंही होऊ शकलं असतं हे मला कळतं, मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव, इन्फेक्शन, फिट, लकवा हे धोके आहेतच, फॉर्मवर सही मीच केली होती. पण छेद केवढा यावरून धोका मोजू नका एवढं मी आता कुणालाही हट्टाने सांगेन.

मामांच्या शेजारच्या खाटेवर तिशीतला एक मुलगा होता, त्याची गाठ मेंदूच्या आतली, बोलण्याच्या भागाजवळ. त्याचं तर जागेपणी केलं, कवटी उघडून, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडीला भूल दिली की पुरतं, आणि तो बोलत असताना सर्जनला कळतं की इथे थांबायचं. चित्रं दाखवून नावं विचारत होते, आणि त्याच्या बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं की मराठीतच विचारा, इंग्रजीत तो एरवीही अडखळतो. अशा गाठींना कडा नसते, त्या मेंदूत मिसळलेल्या असतात, तिथे छेद लहान की मोठा हा प्रश्नच नाही, बोलणं-चालणं न बिघडवता जास्तीत जास्त किती निघते तेवढंच बघायचं.

पैशाचं थोडक्यात. नाकातलं स्वस्त असेल हा गैरसमज, आमच्या दोन्ही बिलांत फार फरक नव्हता, कारण दोन सर्जन, दुर्बीण, नेव्हिगेशन (ऑपरेशन करताना स्कॅनवर जागा दाखवणारं मशीन), एकदाच वापरायच्या वस्तू, आणि आईचं तर दुसऱ्यांदा आयसीयू. आईच्या कॅशलेसला इन्शुरन्सवाल्यांनी आधी "नाकाचं ऑपरेशन आहे का" म्हणून अडवलं, डॉक्टरांच्या पत्रात पिट्युटरीची गाठ आणि नजरेवरचा दाब स्पष्ट लिहून घेतला तेव्हा सुटलं. रूमच्या भाड्याची मर्यादा आधी बघा, वरची रूम घेतली तर बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. इन्शुरन्स नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं विचारा, २०२३ मध्ये मर्यादा दीड लाखावरून ५ लाख करायचं ठरलं, पण त्या हॉस्पिटलमध्ये योजना आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचं काम बघणारा मदतनीस) खात्री करून घ्या. आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, ते तिथल्या सोशल वर्करला भेटून विचारायचं, संकोच करू नका.

सर्जनकडे जाताना मी दुसऱ्या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते आणि एकाही डॉक्टरने त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही. हीच पद्धत का, दुसऱ्या वाटेने गेलं तर काय होईल, अशा गाठी तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, नाकातून असेल तर नाकाचे डॉक्टर सोबत आहेत का आणि हार्मोनचे डॉक्टर नंतर बघणार का, गाठ पूर्ण निघणार की काही सोडणार, पाणी गळलं तर काय कराल, आणि घरी गेल्यावर कुठल्या दिवशी कुठली टेस्ट. ज्यांनी "तुम्ही काळजी करू नका" एवढ्यावर उरकलं तिथे आम्ही परत गेलो नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशी रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक नंबर मागून घ्या, रिसेप्शनचा नाही, वॉर्डचा. आईच्या वेळी आमच्याकडे नव्हता. मामांच्या वेळी मिळाला, मामींनी तो एकदाच वापरला, रात्री २ वाजता, टाक्यांना खूप खाज येतेय म्हणून, आणि पलीकडच्या सिस्टर दहा मिनिटं नीट बोलल्या, ताप आहे का, पाणी येतंय का, लाल झालंय का, सगळं विचारलं, आणि सकाळी परत स्वतःहून फोन करून कसे आहेत म्हणून चौकशी केली.